जुनी रिव्हॉल्वरे : संग्रह आणि इतिहास

बिदरच्या किल्ल्यातील तोफा आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. परंतु इतिहास केवळ तोफांच्याच मुखाने बोलतो असे नाही; हातात मावणारे लहानसे शस्त्रही पुष्कळ काही सांगून जाते. एकोणिसाव्या शतकातील रिव्हॉल्वर हे असेच एक शस्त्र होय.

साधे पिस्तूल एकदा उडाले की पुन्हा भरावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील सॅम्युअल कोल्ट ह्याने फिरत्या नळकांड्याची योजना केली व १८३६ साली तिचे अमेरिकन पेटंट मिळविले. घोडा मागे ओढला की नळकांडे एक घर पुढे सरके. चाप दाबताच बार उडे. प्रत्येक घरात आधी दारू, तिच्यावर शिशाची गोळी आणि मागील बाजूस तांब्याची लहानशी टोपी बसवावी लागे. कोल्टचे १८४९ चे खिशात बाळगण्याजोगे रिव्हॉल्वर ०.३१ इंच व्यासाच्या नळीचे असे. पुढे १८५७ साली स्मिथ आणि वेसन ह्यांनी धातूच्या काडतुसाचे सात बारी रिव्हॉल्वर काढले. म्हणून नळकांड्याच्या मागे टोपी बसविण्याची बोंडे दिसली तर शस्त्र जुन्या पद्धतीचे, आणि घरे आरपार असली तर ते काडतुसाचे, असे जाणकार संग्राहक ओळखतो.

आता आपल्याच प्रदेशातील एक प्रसंग पाहू. सुरपूर आज यादगीर जिल्ह्यात असले तरी पूर्वी ते कलबुर्गी जिल्ह्यातच होते. तेथील राजा वेंकटप्पा नायक लहान असताना मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी संस्थानाचा कारभार पाहात असे. राजा त्याला 'अप्पा' म्हणे. १८५८ साली राजाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला व तो पकडला गेला. टेलरने आत्मचरित्रात लिहिले आहे की, शिक्षा कमी होऊन चार वर्षांची कैद ठरली. परंतु तिकडे नेले जात असता पहाऱ्यावरील अधिकाऱ्याने काढून ठेवलेल्या रिव्हॉल्वरची गोळी लागून राजाचा अंत झाला. टेलर त्या वेळी तेथे नव्हता. तथापि ज्या मुलाला त्याने वाढताना पाहिले, त्याचा शेवट त्याला लिहावा लागला. काचेच्या पेटीतील रिव्हॉल्वर पाहताना त्यामागे असे एखादे जीवित असते, ह्याचा आपणांस विसर पडू नये.

अशी शस्त्रे पाहावयाची असतील तर ती संग्रहालयांत पाहावीत. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान ह्यांच्या संग्रहातून १९५१ साली हैदराबादेत उभे राहिलेले संग्रहालय आपल्याला जवळ आहे. तेथील शस्त्रदालन अवश्य पाहावे.

मात्र घराच्या माळ्यावर एखादे जुने पिस्तूल आढळले तर त्यास हात लावू नये. आत राहिलेली दारू अनेक वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ जुनेपणाला सूट नाही. दुरुस्त करूनही ज्यातून बार काढता येणार नाही, अशाच कालबाह्य, पुराणमूल्याच्या वा मोडक्या शस्त्राला ती आहे. म्हणून वडील मंडळींना सांगावे व त्यांनी पोलिस ठाण्यास कळवावे.

विद्यार्थ्यांनी आपला संग्रह वहीत करावा. संग्रहालयात पाहिलेल्या शस्त्राचे चित्र, त्यावरील छाप, घडणीचे साल आणि त्याच्याशी निगडित असलेली माणसे ह्यांची नोंद ठेवावी. अशा संग्रहास परवाना लागत नाही, आणि त्याची योग्यता कोणत्याही संग्रहाहून कमी नाही, असे आम्हांस वाटते.