संग्रहालय पाहताना

परभणीहून आगगाडीने हैदराबादेस जाणाऱ्या शालेय सहलीने सालारजंग संग्रहालय अवश्य पाहावे. १९५१ साली उघडलेले हे संग्रहालय १९६८ पासून मुसी नदीकाठच्या इमारतीत आहे. तेथील संगीत घड्याळातून दर तासाला एक चिमुकली आकृती बाहेर येऊन घंटेवर ठोके देते. त्या वेळी एवढी दाटी होते की, मागे राहिलेल्या बालकास पुढच्यांच्या माना तेवढ्या दिसतात. आणि घरी आईने विचारिले असता ते बिचारे 'पाहिले' असे सांगून मोकळे होते!

म्हणून चाळीस मुलांचा तांडा एकदम नेऊ नये. दहा-दहांच्या चार तुकड्या कराव्या, प्रत्येकीस एक शिक्षक द्यावा. दर तासाला एकीने घड्याळापाशी जावे, तोवर इतरांनी अन्य दालने पाहावी. ठेंगण्यांस पुढे बसवावे; उंच मुलांनी कुरकुर करू नये.

तेथेच एका लाकडी ओंडक्यातून कोरलेला दुहेरी पुतळा आहे. समोर कुटिल मेफिस्टोफिलिस. पाठीमागच्या आरशात मात्र नम्र मार्गारेटा. येथे वाटाड्याने आधी काहीच सांगू नये. पहिले मूल आरशाकडे बोट दाखवीपर्यंत थांबावे. वेळ लागला तरी लागो.