फक्त पायांची पदवी?

प्रश्न : मी हरसूलची. यंदा बारावी विज्ञानला आहे, जीवशास्त्र घेतलंय. माझ्या आजोबांना साखरेचा आजार आहे. मागच्या पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत त्यांच्या पायाच्या करंगळीशेजारी चिखल्या झाल्या, त्याची जखम झाली आणि दिवाळी आली तरी ती भरेना. नाशिकला ड्रेसिंगसाठी जायचो तेव्हा तिथल्या एक डॉक्टरबाई म्हणाल्या, इंग्लंडमध्ये असं काही झालं की पेशंटला आधी पोडियाट्रिस्टकडे पाठवतात, आणि त्यासाठी विद्यापीठाची वेगळी पदवी असते. नुसत्या पायांवर तीन-चार वर्षं शिकण्यासारखं असतं तरी काय? आणि मला ती पदवी इथे करता येईल का?
— एक वाचक, हरसूल, ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, त्याचं उत्तर छोटं आहे. नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून तुझ्याच जिल्ह्यात, नाशिकच्या म्हसरूळला आहे. पण डॉक्टरकी, नर्सिंग, फिजिओथेरपी असं सगळं चालवणाऱ्या या विद्यापीठाच्या यादीत पोडियाट्रीची पदवी नाही. म्हणून वाट बंद आहे असं मात्र समजू नकोस, त्याकडे येतोच.

आता पहिला प्रश्न. एका पायात, म्हणजे घोट्यापासून बोटांपर्यंत, २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलांची मिळून हाडं झाली ५२. अख्ख्या शरीरात २०६ असतात, म्हणजे एक चतुर्थांश सांगाडा आपण चपलेत घालून फिरतो. पण खरा अभ्यास हाडांच्या मोजणीपुरता नसतो. हृदयापासून सगळ्यात लांब पाय, मेंदूपासूनही सगळ्यात लांब पाय. रक्तवाहिन्या अरुंद व्हायला लागल्या, नसा मरायला लागल्या, मूत्रपिंडं थकली, सांधेवात सुरू झाला, की त्याची चुणूक पुष्कळदा पायात आधी दिसते. म्हणून पोडियाट्रीच्या पहिल्या वर्षाला मुलं हृदय, रक्ताभिसरण, मज्जासंस्था, त्वचा हे सगळं शिकतात.

ब्रिटनमध्ये हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, स्कॉटलंडमध्ये चार. त्यातले सुमारे हजार तास प्रत्यक्ष रुग्णांवर काम करण्यात जातात. हातात ब्लेड धरून कुरूप आणि घट्टे असे काढायचे की खालच्या जिवंत कातडीला धक्का लागू नये, हे कौशल्य पहिल्याच वर्षी सुरू होतं. पुढे मांसात घुसलेल्या नखाची शस्त्रक्रिया: अंगठा बधिर करायचा, नखाची कडेची पट्टी मुळापासून काढायची आणि मुळाला फिनॉल लावायचं, म्हणजे ती पट्टी पुन्हा उगवत नाही. चाल बघून गुडघेदुखीचं मूळ तळव्यात आहे का हे ओळखायचं, तळव्याचा साचा घेऊन बुटात घालायचे आधार बनवायचे, औषधशास्त्र शिकायचं. पदवीनंतर सरकारी नोंदणी असल्याशिवाय तिथे कुणालाही स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही, तसा कायदाच आहे. वेगळं प्रशिक्षण घेतलेल्यांना २०१३ पासून स्वतःच्या सहीने औषधं लिहून देण्याचाही अधिकार आहे. ऑस्ट्रेलियात साधारण चार वर्षं लागतात. अमेरिकेत ही वाट सगळ्यात लांबची: आधी पदवी, मग चार वर्षं पोडियाट्रीचं कॉलेज, मग तीन वर्षं रुग्णालयात उमेदवारी. पण तिथला पोडियाट्रिस्ट पायाच्या हाडांची शस्त्रक्रियाही करतो.

हा धंदा तसा जुना. अब्राहम लिंकनच्या पायांवर इलाज करणारा इसाकार झकारी नावाचा माणूस होता. लिंकनने १८६२ साली त्याला लेखी शिफारसपत्र दिलं आणि पुढे यादवी युद्धात त्याला राजकीय निरोप घेऊनही पाठवलं. राष्ट्राध्यक्षाचे पाय ज्याच्या हातात, त्याच्यावर विश्वास बसत असावा. पण पाय दाखवणं ही तेव्हा श्रीमंतांची चैन होती. लंडनमध्ये गरिबांसाठी पायांचा दवाखाना निघाला तो १९१३ साली.

आता तुझ्या आजोबांकडे वळू, कारण ही विद्या खरी कशासाठी आहे ते त्यांच्याच पायात दिसतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होतात, आणि त्यातही सगळ्यात लांब नसा आधी जातात. म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. माणूस चालतो, शेतात जातो, त्याला काही कळत नाही. काटा मोडला, खडा रुतला, शेकोटीची धग जास्त लागली, तरी पाय तक्रार करत नाही. तक्रार नाही म्हणून माणूस वजन टाकतच राहतो, आणि जखम भरायला उसंतच मिळत नाही.

हा बधिरपणा ओळखायला पोडियाट्रिस्ट जे साधन वापरतो ते बघून तुला हसू येईल: दांड्याला लावलेला नायलॉनचा एक धागा. तो बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकतो, एवढंच त्याचं वैशिष्ट्य. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. आधी त्याच्या हाताला धागा टेकवून दाखवायचा, म्हणजे काय जाणवायला हवं ते त्याला समजतं. मग अंगठ्याचा तळवा, बोटांखालचे उंचवटे अशा जागी धागा उभा धरून वाकेपर्यंत दाबायचा, सेकंदभर ठेवायचा आणि विचारायचं, लागलं का? घट्ट्यावर धरायचा नाही, तिथली कातडी मेलेलीच असते. मधूनच न टेकवताही विचारायचं, कारण पुष्कळ लोक डॉक्टरला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. ज्या जागी कळत नाही तिथे पुढे जखम होण्याचा धोका. मग बोटांनी दोन नाड्या बघायच्या: एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या रेषेत, दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. आजोबांच्या पायावर या नाड्या तुझ्या बोटांना लागतात का बघ. लागल्या नाहीत तर घाबरू नकोस, शोधायला सराव लागतो. पण डॉक्टरांना तसं सांग.

बधिर पायाचं हे गणित सोडवण्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. तमिळनाडूतल्या डोंगरात जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद म्हणून आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने सडून गळतात, असं तेव्हा सगळे धरून चालत. ब्रँड यांनी दाखवलं की बोटं जातात ती वेदना कळत नसल्याने पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमांमुळे. म्हणजे दाब काढा, पाय वाचवा. पायाला घट्ट बसणारं प्लास्टर, मऊ रबराची चप्पल हे उपाय त्यातून पक्के झाले. कुष्ठरुग्णांना सरकारी केंद्रातून मिळणारी एमसीआर चप्पल तू कदाचित पाहिली असशील. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेला गेले आणि हीच समज तिथे मधुमेहींच्या पायांना लागू झाली. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांच्यासारख्या शल्यविशारदांनी मधुमेही पाय हा विषय लावून धरला आणि त्यासाठी डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडिया ही डॉक्टरांची संस्था उभी केली. तेव्हा इंग्लंड पुढे आणि आपण मागे, असं सरसकट म्हणता येत नाही. ज्ञान इथे होतंच. ते रोज वापरणारा, डॉक्टरच्या आधी पाय बघणारा माणूस मात्र आपण तयार केला नाही.

आणि तो लागतो कुठे? तुमच्याकडे. चिखलणी आणि आवणीचे दिवस म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय खाचरातल्या पाण्यात. बोटांच्या बेचक्या ओल्या राहतात, बुरशी धरते, कातडी पांढरी पडून फाटते. धडधाकट माणसाच्या चिखल्या पाऊस सरला की सरतात. साखर असलेल्या माणसाच्या पायात त्याच फटीतून जंतू आत जातात. त्यावर घरोघरी मेंदी लावतात, ती लावून बिघडत काही नाही. भेगांना कोकमाचं तेल तर उत्तमच. पण कुरपावर नाहीतर भेगेत तापवलेला बिब्बा घालायची जी जुनी रीत आहे ती साखरवाल्या माणसाने कायमची सोडावी. बिब्बा कातडी जाळतो आणि बधिर पायाला जळल्याचं कळत नाही. घरच्या ब्लेडने कुरूप कापणंही तसंच. आजोबांना एवढं करायला लाव: रोज रात्री पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या, तळवा तू स्वतः बघायचा, आणि पायात घालण्याआधी चप्पल-बूट उलटे करून झटकायचे.

पोडियाट्री म्हणजे फक्त म्हाताऱ्यांचे पाय, असंही नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत तुला सांगायला नको. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी ही मुलगी सुरुवातीला अनवाणी धावायची. अनवाणी धावणाऱ्याचं पाऊल जमिनीवर कसं पडतं, बूट चढवल्यावर ते कसं बदलतं, कुठल्या हाडाला केसासारखी चीर जाते, हा पोडियाट्रीतला अख्खा एक विषय आहे. परदेशात मोठ्या क्रीडा संघांकडे त्यासाठी पोडियाट्रिस्ट असतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून आलेली आणि पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्यांबरोबर चालत आलेली पावलं बघितलीस, तर एका दिवसात पाठ्यपुस्तकभर उदाहरणं मिळतील.

आता तुझ्या वाटेबद्दल. माझं मत विचारशील तर बारावीनंतर लगेच परदेशी पदवीच्या मागे लागू नकोस. बाहेरच्या विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये वर्षाची फी साधारण पंधरा लाखांच्या पुढे जाते, राहणं-खाणं वेगळं. त्यासाठी जमीन गहाण टाकावी असं मी कुणालाच सांगणार नाही. शिवाय ती पदवी घेऊन परत आलीस तर इथे तुझी नोंदणी कुठे व्हायची, हा प्रश्न उरतो. आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली जो कायदा केला त्याच्या अनुसूचीत पोडियाट्रिस्ट आहे खरा, म्हणजे सरकारदरबारी नाव लागलं आहे. पण नाव लागणं वेगळं आणि कॉलेज, जागा, पगार असणं वेगळं.

मी तुझ्या जागी असतो तर दोनपैकी एक निवडलं असतं. पहिली फिजिओथेरपी, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षांची. कॉलेजं भरपूर, सरकारी जागाही आहेत. दुसरी कमी लोकांना ठाऊक असलेली, पण पायाच्या जास्त जवळची: प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव, आधार आणि खास पादत्राणं बनवण्याची पदवी. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ती होते. ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासूनची आहे. मधुमेहींसाठी चप्पल बनवता येणारी व्यक्ती त्र्यंबकेश्वर तालुक्यात असणं ही काय गोष्ट आहे याची कल्पना कर. महाराष्ट्रात या दोन्हींचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, तेव्हा फक्त सीईटीवर विसंबू नकोस. नीटमध्ये डॉक्टरकीला पुरतील इतके गुण पडले तर एमबीबीएस घे; पायाच्या शस्त्रक्रियेत शिरायला डॉक्टरांना पुढे फेलोशिप असतात, कोचीच्या अमृता रुग्णालयात तर त्याचा स्वतंत्र विभाग आहे.

परदेशाचं दार उघडायचं ते यानंतर. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत दुसऱ्या आरोग्यशाखेची पदवी असलेल्यांना दोन वर्षांत पोडियाट्रीची पदव्युत्तर पदवी आणि नोंदणीची पात्रता मिळते. आणि इथे पैशाचं गणित बदलतं. तू अनुसूचित जमातीची असशील तर केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. ती पदवीसाठी नाही, पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. देशभरात वर्षाला जेमतेम वीस जागा. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही स्वतःची परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि त्या विभागाचं आयुक्तालय नाशिकलाच आहे. नियम आणि विद्यापीठांची यादी बदलत राहते, म्हणून अर्जाआधी हा अभ्यासक्रम बसतो का ते लेखी विचारायचं. तोंडी उत्तरावर विमानाचं तिकीट काढायचं नाही.

या सगळ्याच्या आधी एक कंटाळवाणं काम आहे. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली कागद जमवण्यात महिने जातात, आणि समितीकडे अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. तो अजून केला नसशील तर या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात जाऊन फॉर्मची चौकशी कर. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरातल्या ट्रंकेत आहे का, तेही आजच त्यांना विचार.