निघण्याची तारीख कशावरून धरावी?

भंडारदऱ्याकडे कापड पाठवणाऱ्या आम्हां व्यापाऱ्यांना पावसाचा हिशेब शिकवावा लागत नाही. घाटघर-रतनवाडीला पाऊस लागला की गठ्ठे ओले, रस्ता बेभरवशाचा आणि गिऱ्हाईक भातलावणीत. हाच नैऋत्येचा वारा समुद्रावरून येतो. चौल-दाभोळची शिडाची जहाजे त्याच्या जोरात बंदर सोडत नसत. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की अरबस्तानाकडे निघत. मौसम हा शब्दच अरबी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इब्न माजिद या मुअल्लिमाने (म्हणजे जहाजाच्या वाटाड्याने) कुठून कधी निघावे याचे हिशेब किताबात लिहून ठेवले.

त्या वाटेवर मौसम एकच. पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या शिडाच्या होडीला अनेक मौसम भेटतात. मग तारीख कोणत्या मौसमावरून धरायची?

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले. इथे पावसाळा चालू होता. तरी निघाले, कारण सर्वांत अवघड जागा दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. बाकीचे महिने वादळे फार आणि दिवस लहान. ते टोक जानेवारीत ओलांडायचे, वाटेत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला थांबायचे, असे मागे मोजत आले की ऑगस्ट येतो. अभिलाष टॉमी हे त्याच होडीवरून १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले. त्यांना कुठेच थांबायचे नव्हते. निघण्यात दोन महिन्यांहून जास्त अंतर, पण हॉर्न दोघांनीही जानेवारीतच ओलांडले.

महिन्यांचा हा अंदाज येतो कुठून? जुन्या रोजकिर्दींतून. अमेरिकी नौदलाचे मॅथ्यू मोरी यांनी जहाजांच्या नोंदवह्या चाळून १८४७ पासून वाऱ्यांचे नकाशे छापले. कोणत्या महिन्यात कुठे कोणता वारा, हे त्यावरून कळते. हवामान खात्याचा अंदाज काही दिवसांपुरता. त्यावरून आज शीड कमी करायचे की वादळाला वळसा घालायचा, एवढेच ठरते. त्या अंदाजावर सगळा प्रवास आखणे म्हणजे एका बाजारच्या विक्रीवर वर्षाचा माल भरणे.

आमच्या धंद्यात हॉर्नची जागा ईदला आहे, आणि ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०१५ व २०१६ मध्ये रमजान ईद जुलैत, ऐन पावसात आली. तेव्हा अवघड जागा रस्ता होती. माल मे संपण्याआधी राजूरला पोचवावा लागे, म्हणजे रंगारी व शिलाईवाल्यांना काम मार्चमध्येच द्यावे लागे. आता ईद मार्चमध्ये येते. रस्ता कोरडा, पण भाताचा पैसा बराचसा लग्नसराईत गेलेला. अवघड जागा आता वसुली. म्हणून गठ्ठे किती पाठवायचे हे डिसेंबरात, उधारीची वही समोर ठेवून ठरवावे. टेम्पो बुधवारी काढायचा की शुक्रवारी, ते त्या आठवड्याचे आभाळ पाहून ठरवता येते.