पंगतीत चमचा कशाला?

अगं, वास्तुशांतीची यादी पाहिली. किराणा, पूजेचं सामान, बिछायत, सगळं नीट लिहिलंस. फक्त ‘प्लॅस्टिकचे चमचे, द्रोण, ग्लास’ ही ओळ खोड बाई.

आपल्या मोताळ्याच्या पंगतीत वाढणार काय? वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टी चुरायची हातानं, कालवायची हातानं. चमचा लागतो तो गोडाच्या दोन घासांना. मग तोच चमचा उष्ट्यासकट उकिरड्यावर जातो. अन्नाच्या वासानं गुरं द्रोणही गिळतात. तो पचत नाही, पोटात साचत राहतो. शेगावला १८७८ साली गजानन महाराज पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. तेव्हाची पत्रावळ झाडाच्या पानांची. गुरानं खाल्ली तरी चिंता नव्हती.

चंदेरी द्रोणालाही फसू नकोस, त्याच्या कागदावर प्लॅस्टिकचाच पापुद्रा असतो. चहाच्या कागदी कपाचंही तेच. खरगपूरच्या आयआयटीनं २०२० मध्ये तपासलं, तर गरम चहा पंधरा मिनिटं कपात राहिला की प्लॅस्टिकचे हजारो बारीक कण त्यात उतरतात. आणि प्लॅस्टिकच्या चमचे-ताटल्यांवर आपल्या राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून तर देशभर. दुकानात मिळतात म्हणून चालतात असं नाही.

तुझी खरी अडचण मला कळते. स्टीलची ताटं आणली की घासायला घरच्या सुनाच बसतात, म्हणून आपण बायाच प्लॅस्टिकला आधी हो म्हणतो. तसं होऊ देऊ नकोस. बिछायत केंद्रातून ताटं, वाट्या, पेले भाड्यानं घे. घासायला दोघी-तिघी बाया रोजानं सांग आणि त्यांची मजुरी यादीत आधीच लिही. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढायचे असतील, तर ताटांऐवजी पळसाच्या पत्रावळी घे. त्या वेळेवर मिळत नाहीत, आधी सांगून ठेव. पाण्याला आणि चहाला मात्र स्टीलचे पेलेच हवेत, ते धुवायला पाणी थोडं लागतं.

सासूबाईंना तू एकटीनं सांगू नकोस, भाऊजींनाही सोबत बसव. खर्च, मजुरी, पाणी असा हिशेब समोर ठेवलास की त्या ऐकतील. आणि एका घरानं नीट पंगत उठवून दाखवली, की पुढच्या कार्याला गल्लीतल्या बाया भांड्यांची चौकशी करायला तुझ्याकडेच येतील.