शोकेसमधले बायबल



घरभेटीला आम्ही येतो तेव्हा बहुतेक घरांत बायबल दिसते. लग्नात किंवा दृढीकरणाच्या दिवशी भेट मिळालेले, कव्हर घातलेले, शोकेसमध्ये किंवा अल्तारीवर आदराने ठेवलेले. आदर हवाच. पण पाने अजून एकमेकांना चिकटलेली असतील, तर त्या आदराचा आपल्याला उपयोग काय?

‘बायबल फादरांनी वाचावे, आपण ऐकावे’ ही समजूत जुनी आहे. मिस्सा लॅटिन भाषेत होत असे, त्या काळात ती रुजली. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि सर्वच श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्र वारंवार वाचावे असा आग्रह धरला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवून दिला. भाषेची अडचणही आपल्याला सांगता येणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत गायले, ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ आपल्या हाती दिले.

आमचाच अनुभव सांगतो. प्रवचनाच्या तयारीसाठी आम्ही दर आठवड्याला बायबल उघडतो. त्यात एक धोका असतो. प्रत्येक वाक्य लोकांसाठी वाचले जाते, स्वतःसाठी वाचायचे राहून जाते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर (लूक १५) आम्ही कितीदा बोललो असू! एकदा एका जवळच्या सहकाऱ्याशी आमचे बिनसले. चूक त्याचीच, असे आम्हांला ठाम वाटत होते. तो आजारी असल्याचे कळूनही आम्ही भेटायला गेलो नाही. त्या रात्री, प्रवचन करायचे नसताना, हाच दाखला पुन्हा वाचला.

या वेळी नजर थोरल्या मुलावर थांबली. तो शेतावरून येतो, घरातले नाचगाणे ऐकतो, रागावतो आणि आत जायला तयार होत नाही. बाप स्वतः बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. मग तो आत गेला का? लूक ते सांगत नाही. दाराबाहेर आम्हीच उभे होतो, आणि पुढचे पाऊल आम्हांलाच टाकायचे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला भेटायला गेलो. सारे काही मिटले असे नाही, पण बोलणे सुरू झाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ग्रंथाला प्रश्न विचारायला शिकलो: लेखक कोण, काळ कोणता, युक्तिवाद काय? ते शिक्षण आजही उपयोगी पडते. परंतु बायबल आपल्यालाही प्रश्न विचारते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात लपून बसलेल्या आदामाला देव विचारतो, तू कुठे आहेस? वाटणीवरून किंवा बांधावरून अबोला धरलेले, एकाच मिस्साला येऊन दोन टोकांच्या बाकांवर बसणारे भाऊ आपल्यातही आहेत. हा प्रश्न त्यांच्यासाठी आहे, तसा आमच्यासाठीही.

मग वाचावे कसे? १२व्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरे गिगो यांनी चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. उतारा सावकाश वाचा. मनाला भिडलेला एखादा शब्द धरून ठेवा. त्याबद्दल देवाशी बोला. मग थोडा वेळ शांत बसा. दहा मिनिटे पुरेत. संध्याकाळी रोझरीनंतर टीव्ही लावण्याआधी ती सहज मिळतात.

सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी. त्यात १६ अध्याय आहेत. रोज एक वाचला तर सोळा दिवसांत एक शुभवर्तमान पूर्ण होईल. समजले नाही तिथे पेन्सिलीने खूण करा आणि रविवारी मिस्सानंतर आम्हांला विचारा. उत्तर ठाऊक नसेल तर आपण मिळून शोधू.

पुढच्या घरभेटीत तुमचे बायबल थोडे मळलेले, पाने दुमडलेली, कडेला खुणा केलेले दिसले, तर आम्हांला मनापासून आनंद होईल.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू