खाऱ्या पाण्याचे दाबपात्र

बेदाणा पाण्यात भिजत घातला असता काही वेळाने टपोरा फुगतो, हे सर्वांनी पाहिलेले असते. बाहेरील पाणी सालीतून आत शिरते. पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे पडद्यातून पाणी जाण्याच्या या क्रियेस तर्षण म्हणतात. दाट द्रावावर पुरेसा दाब दिल्यास हा प्रवाह उलटतो व क्षार मागे राहून गोडे पाणी मिळते. हेच व्यस्त तर्षण होय. १९६० च्या सुमारास लोब व सौरिराजन या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात यासाठी उपयुक्त पडदा तयार केला. चेन्नईजवळील नेम्मेली येथे २०१३ पासून याच रीतीने समुद्राचे पाणी गोडे केले जाते.

समुद्राच्या पाण्याचा तर्षणदाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २७ किलोग्रॅम असतो. शिवाय गोडे पाणी निघून जाताच उरलेले पाणी अधिक खारट होते. म्हणून व्यवहारात सुमारे ६० किलोग्रॅम दाब द्यावा लागतो. नाजूक पडद्यांच्या गुंडाळ्या ज्या लांब नळीत एकापुढे एक बसवून हा दाब देतात, तिला दाबपात्र म्हणतात. एका नळीत बहुधा सहा ते आठ गुंडाळ्या असतात.

आता थोडे गणित करू. नळीचा व्यास २० सेंटिमीटर धरल्यास झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. त्यास ६० ने गुणल्यास झाकणावरील भार जवळजवळ १९ टन येतो!

साधे पोलाद खाऱ्या पाण्याने गंजते. म्हणून ही नळी बहुधा काचतंतू व राळ यांची करतात. नळीच्या भिंतीत परिघाच्या दिशेने पडणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. अक्षाशी सुमारे ५५ अंशांचा कोन करून तंतू गुंडाळल्यास दोन्ही ताण योग्य प्रमाणात पेलले जातात.

यंत्र सुरू करताना प्रथम पाणी सावकाश भरून नळीतील हवा बाहेर काढावी लागते. पाणी दाबाने फारसे आकुंचन पावत नाही. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे शक्ती साठवते. असे पात्र फुटल्यास त्याचे तुकडे वेगाने उडतात. पंप थांबला म्हणजे दाब गेलाच असे नव्हे. दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची व पाणी निचरल्याची खात्री केल्यावाचून झाकणास हात लावू नये. १९ टनांचा तो हिशेब कामगाराने सदैव ध्यानी ठेवावा. त्याच्या प्राणांचे रक्षण त्यातच आहे.