ग्रंथाला वाचक हवा : महाराज बाड्यावरचा एक धडा

ग्रंथालय हे महाविद्यालयाचे हृदय आहे, असे वाक्य आपण सर्वांनी निबंधात लिहिले आहे आणि त्यावर गुणही मिळवले आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मात्र या वाक्यापाशी थोडे थांबून हिशेब मांडायला हवा. दुकानदाराने भांडवल घालून माल भरला आणि तो वर्षभर फळीवरच राहिला, तर आपण त्याला पडून राहिलेला साठा म्हणतो. दुकानात किती माल आहे यापेक्षा वर्षात त्याची किती उलाढाल झाली, हे आपण आधी विचारतो. ग्रंथालयाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तेथे पुस्तकांची संख्या सांगितली जाते, कपाटांची संख्या सांगितली जाते आणि हिशेब संपतो.

पुस्तकाचा घसाराही निराळा असतो. यंत्र चालवले की झिजते, पुस्तक न वाचताही जुने होते. आयकरावरील पुस्तकाचे उदाहरण घ्या. नवा अर्थसंकल्प मंजूर झाला की त्यातील दर आणि सवलती बदलतात. वर्षभर कोणी हात न लावलेले ते पुस्तक कोरे करकरीत दिसते, पण त्याची किंमत गेलेली असते. म्हणून न वाचलेले पुस्तक जपून ठेवले, असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

मग विद्यार्थी पुस्तकापर्यंत का पोहोचत नाही? तो आळशी आहे, मोबाईलमध्ये गुंतला आहे, हे उत्तर सोपे आहे, पण ते अपुरे आहे. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द माझ्या ओळखीचे. महाविद्यालयात आल्यावर तेच विषय जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि बॅलन्स शीट या नावांनी समोर आले. तालिका इंग्रजीत, मागणीची चिठ्ठी इंग्रजीत, आणि चिठ्ठीवर ग्रंथकाराचे नाव व पुस्तकाचा क्रमांक हवा. ज्याला विषय शिकायचा आहे, त्याला पुस्तकाचे नाव आधीच कसे ठाऊक असणार? मागे रांग उभी असते, काचेपलीकडचा माणूस घाईत असतो. विद्यार्थी मुकाट्याने परत फिरतो आणि गाईड विकत घेतो. कन्नड माध्यमातून आलेल्या माझ्या मित्रांचीही हीच गत आहे. घरी ज्यांच्याकडे पुस्तके आहेत त्यांचे काही अडत नाही. अडते ते घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्याचे, आणि ग्रंथालयाची खरी गरज त्यालाच असते.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी आपले प्रसिद्ध पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. त्यांतील तिसऱ्या नियमाचा आशय असा की, वाचकाला पुस्तक देऊन ग्रंथालयाचे काम संपत नाही. फळीवरच्या पुस्तकासाठी वाचक शोधणे हेही त्याचेच काम आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी तर हे त्याही आधी ओळखले होते. 1910 साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला आणून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे व चित्रपट दाखवण्याची सोय त्या ग्रंथालय खात्याकडेच होती. म्हणजे ग्रंथालयाने उंबरठ्याबाहेर पडावे, ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

आजच्या काळातले एक उदाहरण मला ग्वाल्हेरला सापडले. मावशीकडे गेलो असताना लष्कर भागातील महाराज बाड्यावर जाणे झाले. दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ येथे पडला, म्हणून या वस्तीला लष्कर हे नाव मिळाले. आजही तेथे कितीतरी मराठी घरे आहेत. बाडा म्हणजे शहराचा मध्य. टाऊन हॉल, टपाल कचेरी, व्हिक्टोरिया मार्केट अशा भव्य इमारती आणि त्यांच्या मधून वाहणारी बाजाराची गर्दी. याच चौकात संस्थानी अमदानीतील शासकीय केंद्रीय ग्रंथालय आहे. अलीकडे तेथे डिजिटल ग्रंथालयाची सोयही झाली आहे. पण लोकांच्या तोंडी असते ती तेथील भारतीय संविधानाची जुनी प्रत.

या प्रतीविषयी थोडी माहिती द्यायला हवी. संविधान सभेने 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकारले आणि 24 जानेवारी 1950 रोजी सदस्यांनी त्यावर सह्या केल्या. इंग्रजी संहिता प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, तर हिंदी संहिता वसंत कृष्ण वैद्य यांनी. पानांची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मूळ हस्तलिखिते दिल्लीला संसदेच्या ग्रंथालयात सुरक्षित पेट्यांत आहेत. त्यांवरून देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात हुबेहूब प्रती छापण्यात आल्या. ग्वाल्हेरची प्रत त्यांपैकी एक. ती एरवी बंदोबस्तात असते आणि 26 जानेवारी, 15 ऑगस्ट व 26 नोव्हेंबर या दिवशी सर्वांना पाहण्यासाठी बाहेर ठेवली जाते. त्या दिवशी एरवी ग्रंथालयाची पायरी न चढणारी माणसे, मुलाबाळांसह, ते पुस्तक पाहायला येतात.

हे कसे घडते, याचा मी विचार केला. मला चार कारणे दिसली. पहिले, समोर कपाटांची रांग नसून एकच पुस्तक असते. दुसरे, दिवस ठरलेला असतो, त्यामुळे उद्या जाऊ असे म्हणता येत नाही. तिसरे, पाहणाऱ्याकडून कसलीही पूर्वतयारी मागितली जात नाही. ग्रंथकाराचे नाव नको, क्रमांक नको, चिठ्ठी नको. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येकाला त्या पुस्तकात स्वतःचे काहीतरी शोधता येते. सह्यांच्या पानांवर कोणी डॉ. आंबेडकरांची सही शोधतो, कोणी आपल्या प्रांतातल्या सदस्याची.

परंतु पाहणे म्हणजे वाचणे नव्हे. काचेतल्या पुस्तकाची पाने आपल्याला उलटता येत नाहीत. पाहून झाले की माणूस बाजारात निघून जातो. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयाने येथून एक पाऊल पुढे टाकले पाहिजे. आपल्याकडे अशी दुर्मिळ प्रत नाही, याचे वाईट वाटण्याचेही कारण नाही. संविधानाची साधी छापील प्रत टेबलावर उघडून ठेवली आणि प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्यासाठी त्यात एकेक खूण घातली, तरी काम होईल. वाणिज्यवाल्यांसाठी अनुच्छेद 301 वर खूण घालावी, कारण देशभर व्यापार मुक्त असावा हे तत्त्व तेथे आहे. अनुच्छेद 112 मध्ये ज्याला आपण अर्थसंकल्प म्हणतो ते वार्षिक वित्तीय विवरणपत्र भेटते, आणि 148 मध्ये देशाचे हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक. आठव्या अनुसूचीत 1950 साली चौदा भाषा होत्या. त्यांत कन्नड आहे आणि मराठीही आहे. आज त्या बावीस झाल्या आहेत. या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना तेथे आपले नाव सापडेल. शेजारी डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील 1923 सालचा ग्रंथ ठेवावा. संविधानाचे शिल्पकार मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे समजल्यावर एखादा तरी विद्यार्थी तो उचलून घरी नेईल.

याच धर्तीवर आपल्या ग्रंथालय समितीपुढे मी काही सूचना ठेवू इच्छितो.

1. दर सोमवारी एका पुस्तकाला दारापाशी टेबलावर जागा द्यावी. सोबत पाच-सहा ओळींची ओळख मराठीत व कन्नडमध्ये असावी आणि ती विद्यार्थ्यांनीच लिहावी. पुस्तक तेथूनच घरी नेता यावे.

2. वाणिज्यातील नित्याच्या शंभर संज्ञांची इंग्रजी, मराठी व कन्नड अशी यादी करून तालिकेजवळ लावावी. तेरीज म्हणून शोधणाऱ्याला ट्रायल बॅलन्सचे कपाट सापडले पाहिजे.

3. आठवड्यातून निदान एक दिवस कपाटे खुली ठेवावीत. पुस्तक चाळून पाहिल्याशिवाय ते आपल्यासाठी आहे की नाही हे कळत नाही. पुस्तके हरवतील ही भीती खोटी नाही, पण दारावर एक स्वयंसेवक बसवून ती कमी करता येईल.

4. प्रथम वर्षाच्या वर्गात जुलै महिन्यात ग्रंथपालांनी स्वतः यावे, हातात चार पुस्तके घेऊन. सूचना फलकावरच्या कागदापेक्षा त्यांचा चेहरा ओळखीचा होणे अधिक उपयोगाचे. काचेपलीकडचा माणूस एकदा ओळखीचा झाला की मराठीतून किंवा कन्नडमधून विचारायला संकोच वाटत नाही.

या चारही गोष्टींना फारसा खर्च नाही. कागद, शाई आणि काही तास लागतील. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला शोभेल अशी त्यांची परीक्षाही सोपी आहे. प्रत्येक पुस्तकाच्या आत परतीच्या तारखांची पट्टी डकवलेली असते. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकांच्या पट्ट्या जूनमध्ये मोजाव्यात आणि पुन्हा मार्चमध्ये मोजाव्यात. किती तारखा वाढल्या, हे पुढील अंकात दोन्ही भाषांत छापावे. आकडा लहान निघाला तरी छापावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना कोठून सुरुवात करायची ते कळेल.